साठ फुटांवरून हरिपूर

सांगली शहरातून हरिपूरकडे जाणारा रस्ता चिंचेच्या जुन्या झाडांच्या सावलीतून जातो. अंतर तीन-चार किलोमीटरांचे. सायकलवरून जाणाऱ्यालाही ते कधी जाणवत नसे. रस्ता संपतो तेथे संगमेश्वराचे देवालय, खाली घाट, आणि समोर महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा व पश्चिमेकडून आलेली वारणा यांचा संगम. वारणेच्या दक्षिणेस कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, १८५५ साली ते येथेच जन्मले. श्रावणातल्या सोमवारी येथे माणसांची रीघ लागते, एरवी गाव शांत असते. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या घरी हळदीचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांना हरिपूर म्हटले की देवालयाच्याही आधी पेवे आठवतात.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आता शिकवण्या, दुकाने, पतसंस्था अशा कशालाही लावतो. पण मूळ पेव आजच्या तरुण वाचकांनी पाहिलेले असण्याचा संभव कमीच. जमिनीत खोदलेले ते धान्याचे कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढेच, आणि खाली रांजणासारखे फुगत गेलेले पोट. हरिपूरच्या भूमीत नदीने आणून टाकलेली माती इतकी घट्ट व चिकट आहे की पावसाचे पाणी तिच्यातून सहजी झिरपत नाही. म्हणून येथे पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे राहत असे. तिला कीड लागत नसे आणि रंगही उतरत नसे. तोंड मातीने लिंपून बंद केले की आत हवा उरत नाही, आणि हवा नाही म्हणून कीडही नाही. अर्थात जी हवा किड्याला मिळत नाही ती माणसालाही मिळत नाही. त्यामुळे पेव उघडल्यावर काही तास तसेच ठेवायचे, आत कंदील सोडून तो विझत नाही ना हे पाहायचे, आणि मगच माणूस उतरवायचा, अशी रीत होती.

माझी नोकरी बँकेत झाली. त्यातील काही वर्षे सांगलीच्या शाखेत तारण मालाच्या तपासणीचे काम माझ्याकडे होते. गोदामातली पोती मोजता येतात, थप्पीची उंची पाहून अंदाज बांधता येतो. पेवातला माल मात्र कागदावरच पाहावा लागे. पेवाचा क्रमांक, भरल्याची तारीख, वजन, व्यापाऱ्याची सही, तोंडावरची खूण, एवढ्यावर विश्वास ठेवून कर्ज दिले जाई. ते बुडाले असे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, हे आपल्या व्यापारी समाजाच्या सचोटीविषयी आवर्जून सांगण्यासारखे आहे.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपुरात शिरले आणि पेवांचे फार मोठे नुकसान झाले. ज्या मातीने एवढी वर्षे पावसाला दाद दिली नव्हती, तिच्यावर दिवसच्या दिवस नदी उभी राहिली. माल कुजला, पेवांच्या भिंती ढासळल्या. त्यानंतर व्यापार झपाट्याने मार्केट यार्डाच्या परिसरातील गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. रिकामी पेवे कोणी मुरूम टाकून बुजवली, कोणी घरे पाडल्याच्या राड्यारोड्याने, तर कोणी नुसतेच तोंड झाकून ठेवले. पुढे २०१९ साली याहूनही मोठा पूर आला आणि वर गाळाचा आणखी एक थर चढला. जमीन पुन्हा सपाट दिसू लागली.

येथपर्यंतची हकीकत सांगलीकरांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते त्या सपाट जमिनीविषयी आणि साडेसहा हजार रुपयांच्या एका ड्रोनविषयी.

दिवाळीनंतर माझे एक स्नेही घरी आले. हळदीचे जुने व्यापारी, वडिलांच्या काळापासूनचे खातेदार. हरिपुरास त्यांची बावीस गुंठे जागा आहे. मुलांनी तेथे पत्र्याचे गोदाम उभारायचे ठरविले, ठेकेदार आला, आणि पहिल्याच दिवशी जेसीबीचे पुढचे चाक आसापर्यंत जमिनीत गेले. चालकाला इजा झाली नाही हे भाग्य. जागेत वडिलांची पेवे होती हे सर्वांना माहीत होते. कोठे होती हे कोणालाच नेमके सांगता येईना. स्नेही म्हणत सात, त्यांचे थोरले बंधू म्हणत नऊ. २००५ साली बुजवण्याचे काम ज्या मुकादमाने केले तो हयात नाही.

“साहेब, तुमची नात ते उडवायचं यंत्र मागत होती ना?” स्नेह्यांनी विचारले. “घ्या की तिला. वरून काही दिसतंय का बघू. मोठा सर्व्हे करायचाच आहे, पण आधी स्वस्तात काही कळलं तर बरंच.”

नात इयत्ता आठवीत आहे. तिचा हट्ट व स्नेह्यांची निकड एकाच आठवड्यात जुळून आली, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी या छंदाच्या वाटेला लागलो.

खरेदीविषयी आधी सांगतो, कारण तो आपला प्रांत. स्वस्त ड्रोन दोन प्रकारचे मिळतात. काहींत उपग्रहावरून आपली जागा ओळखण्याची सोय असते व ते आपोआप परत येतात. त्यांची किंमत बरीच वर जाते. पाच-सात हजारांत मिळणाऱ्या यंत्रांना ही सोय नसते. त्यांच्या पोटाखाली एक लहानसा कॅमेरा असतो. तो खालच्या जमिनीवरील खुणा पाहत राहतो, खुणा सरकल्या तर आपण सरकलो असे यंत्र ताडते आणि मूळ जागी येते. उंची राखण्यासाठी हवेचा दाब मोजणारा भाग असतो. आम्ही दुसऱ्या प्रकारचे घेतले. ते घेताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली, की पोटाखालच्या कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर घेता येते की नाही. समोरचा कॅमेरा क्षितिज दाखवतो. आम्हाला पायाखालची जमीन पाहायची होती.

पेटीवर छापलेले आणि पेटीत असलेले यांचा ताळमेळ सहसा जुळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘फोर-के’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. चित्र मात्र बेताचेच येते. उड्डाणाचा वेळ पंधरा मिनिटे लिहिलेला असला तर आठ-नऊ मिनिटे धरावीत. म्हणून दोन जादा बॅटऱ्या व पंखांचा एक जादा संच पहिल्याच दिवशी घ्यावा. त्यांचे बाराशे रुपये वेगळे पडले. पक्की पावती घ्यावी. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास फेब्रुवारी २०२२ पासून, काही अपवाद वगळता, बंदी आहे. तेव्हा दुकानदार फारच मोठे नाव फार थोड्या किमतीत देत असेल तर माल कोठून आला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

नियमांचेही थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियमावली लागू केली. तीत अडीचशे ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’ या सर्वांत लहान वर्गात येते. ते चालवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ नियमच लागत नाहीत असा कोणी घेऊ नये. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’वर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या व तांबड्या भागांत दाखवलेला आहे; हिरव्या भागातही सर्वसाधारणपणे चारशे फुटांची मर्यादा आहे, आणि विमानतळाजवळ ती आणखी खाली येते. नकाशा बदलत राहतो, म्हणून ज्या दिवशी उडवायचे त्याच दिवशी पाहावा. नोंदणीसंबंधी सध्या काय लागू आहे हे खरेदीपूर्वीच तपासावे. स्थानिक पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात, तेही विचारून घ्यावेत. नकाशाने हिरवा रंग दाखवल्याखेरीज पेटी उघडायची नाही, असा नियम आमच्या घरात नातीनेच घातला.

आता शिकण्याविषयी. हातातल्या रिमोटला दोन दांड्या असतात. डावी दांडी यंत्राला वरखाली नेते व जागच्या जागी फिरवते. उजवी पुढेमागे व डावीउजवीकडे नेते. यंत्राची पाठ आपल्याकडे असेपर्यंत सारे सोपे असते. यंत्र आपल्याकडे तोंड करून उभे राहिले की त्याचे उजवे ते आपले डावे होते, आणि शिकाऊ माणसाची सारी गफलत येथेच होते. म्हणून पहिले आठ दिवस यंत्राची पाठ आपल्याकडेच ठेवावी. पहिली पूर्ण बॅटरी केवळ डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवण्यात खर्चावी. दुसरी पुढेमागे नेण्यात. मग जमिनीवर चार चपला ठेवून त्यांच्यावरून चौकोन काढावा, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून. आठाचा आकडा त्यानंतर, आणि सर्वांत शेवटी तोंड आपल्याकडे करून तेच सारे पुन्हा. नातीला हे सर्व चार दिवसांत जमले. मला तीन आठवडे लागले, पण माझे उतरणे तिच्याहून अलगद असते हे तीही कबूल करते.

पंखांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. चार पंखांपैकी दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात व दोन उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन एका जातीचे असतात. पंखांवर बारीक अक्षरांत ए व बी असे कोरलेले असते. पंख बदलताना जोडी चुकली तर यंत्र उठताक्षणी उलटते, आणि लोक दुकानदाराला बोल लावतात. गवतातून उडवू नये. मोटरच्या आसाभोवती काडी गुंडाळली जाते. आम्ही जुन्या पोत्याचा एक तुकडा अंथरून त्यावरूनच उडवतो व त्यावरच उतरवतो.

सरावाची जागा स्नेह्यांनी दिली. हरिपूरच्या शिवेवर त्यांचे एक शेत आहे. तेथील पाला कापून झाला होता व पुढे हळदही निघाली. हळद निघालेले शेत नवशिक्यास उत्तम. ढेकळांमुळे जमिनीवर भरपूर खुणा असतात, त्यामुळे पोटाखालच्या कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी मिळते. याउलट नदी. घाटावर उभे राहून संगमावर यंत्र नेण्याचा मोह कोणालाही होईल. नातीने एकदा काठापलीकडे दहा-बारा फूट नेले आणि स्थिर असलेले यंत्र आपोआप पाण्याच्या ओघाबरोबर सरकू लागले. खाली वाहते पाणी, त्यावरच्या लाटा सरकतात. यंत्राला वाटते आपणच सरकतो आहोत, आणि ते बिचारे नदीबरोबर चालू लागते. तिने दांडी मागे ओढून आणले. तेव्हापासून संगम आम्ही काठाच्या आतूनच, घाटाच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर यंत्र उंच ठेवून पाहतो. तेथूनही दोन नद्यांच्या मधली निमुळती होत गेलेली जमीन अशी स्पष्ट दिसते की भूगोलाच्या पुस्तकातील चित्रावर नातीचा विश्वास बसला.

दुसरा शत्रू ऊस. स्नेह्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी एकदा दुपारच्या वाऱ्यात यंत्र उडवले. खाली वारा नव्हता. पन्नास फुटांवर होता. ते शेजारच्या उसाच्या फडावर गेले आणि खाली बसले. बारा फूट उंचीच्या उसात हाताएवढी वस्तू शोधणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांनाच विचारावे. पात्याने हात कापतात ते वेगळेच. नातीने मात्र तेथे शाळेतली भूमिती उपयोगात आणली. यंत्र जेथे दिसेनासे झाले त्या दिशेला एक काठी रोवली. चिरंजीव जेथे उभे होते तेथून दुसरी दिशा धरली. दोन रेषा जेथे मिळतील तेथे एका गड्याला शेतमालकाच्या परवानगीने आत पाठवले, आणि इकडून पंखे क्षणभर फिरवून आवाज केला. पाव तासात यंत्र हाती आले. तेव्हापासून उडवायचे ते सकाळी सात ते नऊ या वेळात. झाडाचा शेंडा हलत असेल तर पेटी बंद.

संध्याकाळही आम्ही वगळली. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते त्याचे एक कारण येथेही तितकेच खरे आहे. दिवेलागणीला नदीकाठी किड्यांचे थवे उठतात आणि फिरत्या पंखांना ते दिसत नाहीत. पक्ष्यांचे तर विशेष सांगितले पाहिजे. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळांतच अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की तेथून निघावे. ती आपल्याला हाकलत आहे आणि तिचे म्हणणे रास्त आहे. कृष्णेच्या उभ्या दरडींत वेडे राघू बिळे करून राहतात, त्या दरडीजवळ यंत्र नेऊ नये. घार मात्र स्वतःच चालून येते. घार दिसली की आम्ही यंत्र खाली आणतो. वर नेऊन तिला चुकवण्याचा खेळ काही तरुण करतात, तो मला मुळीच पसंत नाही. खेळण्याच्या किमतीचा प्रश्न नाही, पंख तिचा तुटतो. उपाश्रय, साधू-साध्वींचे विहाराचे मार्ग, स्त्रियांचे घाट, लोकांच्या गच्च्या, यांच्यावरून उडवू नये हे आपल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही सांगतो, कारण लग्नसमारंभांतून अलीकडे जे दिसते ते पाहून सांगावेसे वाटते.

बॅटरीविषयी एक परिच्छेद गृहिणींसाठी, कारण जळण्याचा धोका घरात असतो. या लिथियम पॉलिमर जातीच्या बॅटऱ्या हलक्या व शक्तिमान असतात, पण लाडावलेल्या पोरांसारख्या हट्टी. उड्डाणानंतर त्या गरम असतात. निवल्याखेरीज चार्जिंगला लावू नयेत. चार्जिंग चालू असताना माणसाने जवळ असावे. रात्री लावून झोपू नये. पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. आठवडाभर उडवायचे नसेल तर पूर्ण भरलेलीही ठेवू नये, निम्मी भरून ठेवावी. आणि फुगलेली बॅटरी दिसली तर ती संपली असे समजावे. दाबून सपाट करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. आमच्याकडे त्या पत्र्याच्या जुन्या फराळाच्या डब्यात, फरशीवर ठेवतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा सराव चालला. स्नेह्यांना घाई होती. जागेचे आत्ताच पाहून टाकू, असे ते दोनदा म्हणाले. पण जानेवारीत आम्ही जागेवरून एक फेरी मारली तेव्हा सगळीकडे सारखेच हिरवे गवत होते. काहीही दिसले नाही. येथे मला वाचनाचा उपयोग झाला. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या संशोधकाने विमानातून शेतांची छायाचित्रे घेऊन जमिनीखाली दडलेल्या जुन्या वसाहतींचे खंदक शोधले. १९२८ साली त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. तत्त्व साधे आहे. जेथे पूर्वी खड्डा होता तेथे नंतर भरलेली माती भुसभुशीत असते, ओल धरते, म्हणून त्यावरचे पीक किंवा गवत अधिक दिवस हिरवे राहते. दुष्काळी उन्हाळ्यात हा फरक उठून दिसतो. जमिनीवर उभ्या माणसाला मात्र एक हिरवट ठिपका इथे, एक तिथे, एवढेच दिसते. त्याचा आकार वरूनच जुळतो.

हरिपूरच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडावे, असा माझा तर्क होता. पेव म्हणजे चिकट मातीचा रांजण. पूर्वी तो पाणी आत येऊ देत नसे. आता तोंड उघडे आणि पोटात भुसभुशीत भर. एकदा वरून आलेले पाणी तो बाहेर जाऊ देणार नाही. ज्या गुणामुळे हळद कोरडी राहिली, त्याच गुणामुळे गवत ओले राहील. म्हणून गवत वाळण्याची वाट पाहायची, एवढेच करायचे होते. स्नेह्यांना मी म्हणालो, “शेठजी, मुदत ठेव मुदतीआधी मोडू नका.” ते हसले आणि ठेकेदाराला चैत्रापर्यंत थांबवले.

चैत्रातल्या एका सकाळी सात वाजता आम्ही गेलो. मी, नात, स्नेही, त्यांचे थोरले बंधू, आणि आणखी एक गृहस्थ. हे वृद्ध गृहस्थ आयुष्यभर पेवांत उतरण्याचे काम करीत आले. आता काठी टेकत चालतात. स्नेह्यांनी त्यांना मुद्दाम रिक्षाने आणले होते. जागेवर आधी टेपने मोजून पन्नास फुटांच्या अंतरावर दोन पांढरी पोती पसरली. छायाचित्रात ती पट्टीचे काम करतात. पोत्यांमधले अंतर माहीत असले की बाकी सारी अंतरे काढता येतात. मात्र स्वस्त भिंगाच्या कडेला चित्र वाकते, म्हणून प्रत्येक चित्राचा मधला भागच घ्यायचा, आणि जागा तुकड्यातुकड्यांनी पाहायची.

नातीने यंत्र साठ फुटांवर नेऊन स्थिर केले. मी मोबाइल धरला. गवत पिवळे पडले होते, वाळलेल्या चटईसारखे. त्यावर एका रांगेत चार हिरवी वर्तुळे. प्रत्येक सुमारे सात-आठ फूट रुंद, कडा विरलेल्या. दुसऱ्या रांगेत दोन. सातव्याचा भाग कडुनिंबाच्या सावलीत गेला होता. ते आहे की सावलीचा भास, हे सांगता येईना. थोरल्या बंधूंनी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चौथ्या पेवाजवळ बाबा खुर्ची टाकून बसायचे.”

वृद्ध गृहस्थांना चित्र दाखवले. डोळ्यांनी त्यांना फारसे दिसत नाही. ते म्हणाले, “ते राहू द्या. मला पयल्या पेवावर उभं करा.” उभे केले. तेथून त्यांनी पावले टाकायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. अकरा पावलांवर थांबले, काठी आपटली. हिरवे वर्तुळ पायाखाली होते. पुन्हा अकरा. पुन्हा अकरा. कडुनिंबाखाली ते थांबले तेथे गड्याने पहार मारली. दोन फुटांवर ती सहज आत गेली. बाजूला हातभर सरकून मारली तर ठणठण वाजून परत आली. सातवे पेव होते.

माझ्या जुन्या तपासणीच्या टिपणांतही सात हाच आकडा होता, आणि स्नेह्यांचा आकडाही सात. मी वही मिटण्याच्या बेतात होतो. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “आनी जुंधळ्याचं?”

सात पेवे हळदीची. आठवे घरच्या ज्वारीचे. त्यावर कर्ज नव्हते. तारणात नव्हते म्हणून बँकेच्या कागदांत नव्हते, आणि व्यापाराचे नव्हते म्हणून दुकानाच्या वहीत नव्हते. थोरल्या बंधूंचा नऊ हा आकडा चुकला असला, तरी सातपेक्षा जास्त होती ही त्यांची आठवण खरी होती. पण ते होते कोठे? वृद्ध गृहस्थांनी काठीने कुंपणापलीकडे दाखवले. पूर्वी कुंपण नव्हते. आता तेथून गावाची पायवाट जाते, शाळेत जाणारी मुले व दूध घालणाऱ्या म्हशी तीच वापरतात. पायवाटेवर गवत नसते. म्हणून यंत्राला तेथे हिरवे काही दिसलेच नव्हते.

नातीने उरलेल्या तीन मिनिटांच्या बॅटरीवर यंत्र खाली, वीस फुटांवर आणले आणि कुंपणाच्या अलीकडून समोरचा कॅमेरा पायवाटेकडे वळवला. सकाळचे ऊन तिरपे होते. वाटेच्या मधोमध एक अगदी उथळ, बशीसारखा खोलगट भाग होता, आणि त्याच्या पूर्वेच्या कडेने बारीक सावली पडली होती. तासाभराने, ऊन वर आल्यावर, तीच जागा पुन्हा पाहिली तेव्हा सावली नाहीशी झाली होती व वाट सपाट दिसत होती. पहार मारली. तीन फुटांखाली पहारेला काहीच लागले नाही. हे पेव कोणी बुजवलेच नव्हते. तोंडावर फरशी व वर माती, एवढ्यावर ते वीस वर्षे उभे होते.

त्या दिवशी दुपारी चारी बाजूंनी खांब रोवून दोर बांधले, ग्रामपंचायतीस कळवले, आणि दोन दिवसांनी अनुभवी माणसांकरवी फरशी काढून, आतली हवा मोकळी होऊ देऊन, पेव मुरमाने थराथराने पाणी मारीत भरले. तेरा ट्रॉल्या मुरूम लागला. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला; त्यावर बोलणेही झाले नाही. बाकी सात पेवांची भर उकरून ती पक्की करण्याचे काम नंतर झाले. गोदामाचा आराखडा बदलून पूर्वेकडे नऊ फूट सरकवला, त्यामुळे एकही खांब वर्तुळावर येत नाही. अभियंत्याने आपली माती-तपासणी वेगळी केलीच. खेळण्यातल्या ड्रोनवर कोणी पाया भरू नये.

छायाचित्रांचे तुकडे जोडून नातीने एक मोठे चित्र तयार केले, त्यावर आठही ठिकाणे व अंतरे लिहिली. त्याच्या दोन प्रती काढल्या. स्नेह्यांनी माझ्याकडून मागील बाजूस तारीख घालून सही घेतली, जुन्या दिवसांसारखी, आणि एक प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवली. दुसरी त्या वृद्ध गृहस्थांनी मागून घेतली.

हरिपुरातील आणखी दोन जागामालकांनी विचारणा केली आहे. यंदाचे गवत आता पावसाने हिरवे झाले. पुढच्या चैत्राआधी काही दिसायचे नाही, असे त्यांना कळवले आहे. बॅटऱ्या निम्म्या भरून फराळाच्या डब्यात ठेवल्या आहेत.